आई कुठल्या समुद्राला मिळाली

आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत माझ्या नोकरीची चेष्टा हा जुना कार्यक्रम आहे. "काशीत बसून समुद्र मोजते," असं शेजारच्या काकू आल्यागेल्याला सांगतात, आणि सांगताना असा चेहरा करतात की मी फुकटचा पगार घेते अशी ऐकणाऱ्याची खात्रीच व्हावी. काखेत गंगा आणि गावाला समुद्राचा वळसा, हेही वाक्य त्यांचंच. मी अधूनमधून भांडते, कारण स्वभाव. पण त्यांचं अगदीच चूक आहे असंही म्हणता येत नाही. समुद्र इथून फार लांब, आणि माझं सगळं काम विद्यापीठातल्या एका खोलीत, पंख्याखाली, खिडकीवर माकडं बसलेली असताना चालतं.

काम काय, ते सांगते. संगणकात समुद्राचे चौकोन पाडायचे. कुठल्या चौकोनातलं पाणी कुठल्या महिन्यात कुठे सरकतं, वारा कुठून येतो, हे भरायचं. मग एखादं रसायन एका जागी सोडायचं आणि ते वर्षानुवर्षं कुठे कुठे जाऊन बसतं ते बघायचं. या सगळ्याला मॉडेल म्हणतात. रसायनं साधीसुधी नाहीत. जुनी कीटकनाशकं, ट्रान्सफॉर्मरमधली तेलं, तव्याला धिरडं चिकटू नये म्हणून वापरतात ती. आम्ही त्यांना चिवट म्हणतो. वापरणारी माणसं मरून जातात, बंदी येते, कारखाना बंद पडतो, ही मात्र पाण्यात आपली आहेतच.

स्थळ बघताना विचारतात तसे प्रत्येक रसायनाला आम्ही चार प्रश्न विचारतो. पाण्यात विरघळतं का? हवेत उडतं का? गाळाला, चरबीला चिकटतं का? आणि टिकतं किती? उत्तरं कळली की त्याचा पुढचा प्रवास बराचसा सांगता येतो. चिवट मंडळींची खरी डोकेदुखी चौथ्या उत्तरात असते.

हे मी बाबांनाही एकदा असंच समजावलं होतं. बाबा म्हणजे माझे वडील, जन्मभर ब्रह्मा घाटावर भिक्षुकी केलेले. महाराष्ट्रातून लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन यायचे, आमच्या ओसरीवर उतरायचे, दुसऱ्या दिवशी बाबा त्यांना नावेत घालून मध्यधारेत न्यायचे. मंत्र संपून अस्थी पाण्यात सोडल्या की बाबांचं एक ठरलेलं वाक्य असे. "पोचले. आता मागे वळून बघू नका." पोथीतलं नाही, त्यांचं स्वतःचं. लहानपणी मी पुष्कळदा त्या नावेत बसले आहे. रडून रडून सुजलेली मोठी माणसं या एका शब्दाने गप्प होताना मी पाहिली आहेत. बाबांचा आवाजच तसा होता, त्यात शंकेला जागा नसायची.

आई कोकणातली. रत्नागिरीच्या बाजूचं, थेट समुद्राला लागलेलं गाव. लग्न करून काशीत आली ती आमच्या अंधाऱ्या गल्लीत, जिथे दुपारी बारालाही दिवा लावून तांदूळ निवडावे लागतात. आपल्याकडे म्हण आहे, काशीस जावे, नित्य वदावे. आई बाबांना चिडवायची, "जे काशीतच येऊन पडलेत त्यांनी काय वदावं, हो? कोकणात जावे?" बाबा हसायचे. जायला मात्र फारसं जमायचं नाही. यजमान, श्राद्धपक्ष, माझी शाळा, सासूसासऱ्यांचं दुखणं. किती वेळा गेली ते आठवायला मला बोटंही लागत नाहीत.

तिला गंगा आवडत नव्हती असं नाही. पण पावसाळ्यात पूर आला, घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, पलीकडचा काठ दिसेनासा झाला की गल्लीतले सगळे काळजीत असताना आमची आई एकटी खूश असायची. वरच्या पायरीवर पदर खोचून उभी राहायची आणि म्हणायची, "आता जरा बरं दिसतं." बाबा म्हणायचे, लोकांची घरं बुडताहेत आणि तुला बरं दिसतं! त्यावर ती जीभ चावायची, पण तिथून हलायची नाही.

आणि पाण्याच्या चवीवरून त्यांचं नेहमीचं भांडण. बाबांच्या मते गंगेसारखं गोड पाणी त्रिभुवनात नाही. आई म्हणायची, "गोड पाण्याला काय चव असते? आमच्या समुद्राची एक लाट तोंडात जाऊ दे, नाकाच्या मुळापर्यंत झोंबतं. मग कळतं पाणी म्हणजे काय." बाबांनी समुद्र पाहिला नव्हता. लग्नसुद्धा पुण्याला झालेलं. ते म्हणायचे, "तू सगळंच वाढवून सांगतेस."

मी शिकायला बाहेर गेले आणि समुद्राचा विषय घेतला, तो तिच्यामुळेच. परत आले तोवर बाबांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. आमच्या घराण्यात हे व्रत पूर्वीही घेतलं गेलेलं. बाबा ते इतकं काटेकोर पाळतात की गंगेच्या पलीकडच्या वाळूवर, जिथे पोरं पतंग उडवायला जातात, तिथेही पाय ठेवत नाहीत. पलीकडे काशी नाही. व्रत त्यांचं होतं, आईचं नव्हतं. ती जाऊ शकत होती. मी म्हटलं, चल, मी नेते. ती म्हणाली, "यांना सोडून एकटी जाऊन मी समुद्रावर काय करू? वाळू मोजू?" आणि विषय संपवला. मला तेव्हा तिचा रागच आला होता. अजूनही थोडा येतो.

आजारपणात एकदा, दुपारची दवाई घेऊन झाल्यावर, ती साध्या आवाजात म्हणाली, "माझ्या अस्थी माझ्या समुद्रात सोडा." बाबा दचकले. म्हणाले, "अगं, लोक कुठून कुठून अस्थी इथे घेऊन येतात. काशीतून कोणी बाहेर नेतं का कधी? उलटी गंगा झाली ही!" आईला ते कळत होतं. इतकी वर्षं भिक्षुकाच्या घरात काढली होती तिने. थोडा वेळ ती छताकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मग गंगेतून जाईन. शेवटी तिकडेच जाते ना ती?"

बाबा म्हणाले, "हो."

मी तिथेच होते. त्या वेळी कोण बोलणार?

थंडीच्या सुरुवातीला आई गेली. बाबांनी तिच्या अस्थी मध्यधारेत सोडल्या. मी शेजारी बसले होते. मंत्र संपले, कलश रिकामा झाला, आणि मी त्या शब्दाची वाट बघत राहिले. बाबा काहीच बोलले नाहीत. नाववाल्याने विचारलं, "चलें, गुरुजी?" बाबांनी नुसती मान हलवली. येताना ते मागे वळून बघत होते. काशीत गंगा उत्तरेला वाहते, आल्या वाटेने परत निघाल्यासारखी. तेवढ्यातही माझ्या डोक्यात आलं की आईचा प्रवास उलट दिशेने सुरू झालाय.

त्यानंतर बाबांनी अस्थिविसर्जनाची कामं घेणं थांबवलं. गुडघे दुखतात, नावेत चढवत नाही, असं सांगत. गुडघे दुखत होतेच. म्हणून मीही खोलात गेले नाही.

गेल्या वर्षी मी घरी काम करत बसले होते, समोर नकाशा उघडा होता. बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"आपली गंगा कुठे मिळते यात?"

मी बंगालच्या उपसागराचा वरचा कोपरा दाखवला.

"आणि तिचं गाव?"

मी दुसऱ्या बाजूला बोट नेलं. मधे अख्खा देश. बाबांचा कप हातातच राहिला.

"मालूम होतं मला," ते म्हणाले. "शाळेत शिकलोय मी पण. नकाशावर असं बघितलं नव्हतं कधी." मग खुर्ची ओढून बसले. "तिने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. मी खोटं बोललो का गं?"

मी म्हटलं, "बाबा, समुद्र सगळे एकच असतात."

"ते यजमानांना सांगायचं. मी सांगत आलोय. तू तर हेच शिकलीस. इथून सुटलेलं तिथे पोचतं की नाही, तेवढं बघून सांग. बिलकुल खरं सांग."

मी आधी चिडले. मॉडेलमध्ये माणसं घालत नाहीत, म्हणाले. ते ज्या मोठ्या यंत्रावर चालतं तिथे रांगेत किती कामं असतात, त्याचा हिशेब द्यावा लागतो, असंही बरंच काही बोलले. बाबा ऐकून घेत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "ते चार प्रश्न विचारायचे असतात ना? विचार."

मला हसू आलं. पण विचारले.

"पाण्यात विरघळते?"

"कुठेही. या गल्लीत विरघळली, आणखी काय पाहिजे."

"हवेत उडते?"

"छे. तिचे पाय कायम जमिनीवर. उडायचो मीच."

"चिकटते?"

यावर बाबा कप हातात फिरवत बसले. चहा गार झाला. "चिकटली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "आपलं म्हणणं कधी धरूनच नाही ठेवलं तिने. सोडून द्यायची."

चौथा प्रश्न मला विचारवेना. तो त्यांनीच विचारला आणि त्यांनीच उत्तर दिलं. "टिकते. लिही, टिकते."

मी तसंच भरलं. विरघळते, उडत नाही, चिकटत नाही, कधीच नष्ट होत नाही. असा पदार्थ जगात नाही. खऱ्या अस्थींचं काय होतं ते मला ठाऊक आहे. बऱ्याचशा काशीच्याच तळाशी बसतात, पुढच्या पुरात थोड्या सरकतात, वाळूत गाडल्या जातात. बाबांनाही ठाऊक असणार. ते कोणी बोललं नाही. मधे त्यांनी एकदाच काळजीने विचारलं, "फरक्क्याच्या बंधाऱ्याशी पाणी वाटलं जातं म्हणे. अर्धं बांगलादेशात. तिकडे गेली असेल तर?" मी म्हटलं, "पासपोर्टशिवाय आई कुठे जायची नाही." ते हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसले असतील.

मॉडेल चाललं ते माझ्या विद्यापीठातही नाही, दूरच्या कुठल्या तरी मोठ्या यंत्रावर. निकाल आले तेव्हा मी दार लावून घेतलं. निळ्या नकाशावर गंगेच्या मुखापाशी ठिपके सुटले. पावसाळाभर ते तिथल्या तिथे घुटमळले. थंडी सुरू झाली तसा पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वळला, आणि ठिपके त्याच्याबरोबर ओडिशा, आंध्र, तमिळनाडू असे खाली उतरत गेले. हे मी शंभरदा पाहिलेलं आहे. विद्यार्थ्यांना शिकवते. पण त्या दिवशी मी तोंडावर हात धरून बसले होते. लंकेला वळसा घालताना बहुतेक ठिपके सरळ पश्चिमेला मोठ्या समुद्रात निघून गेले. थोडे मात्र वळले. केरळच्या कडेने वर चढू लागले, कर्नाटकापर्यंत आले, गोव्यापाशी अगदीच विरळ झाले. पुढे डोळ्यांना काही दिसेना.

मग मी आईच्या गावासमोरचा चौकोन उघडून आकडा पाहिला. दशांशचिन्हापुढे नुसती शून्यं, आणि सगळ्यात शेवटी काहीतरी. म्हणजे शून्य नव्हता.

इथे माझा विषय आडवा आला. असा बारीक आकडा खरा असेलच असं नाही. चौकोनाचौकोनांतून आकडे पुढे सरकवताना गणितच थोडं गळतं, आणि जिथे काही पोचलं नाही तिथेही पुसट डाग पडतो. हे नवख्या मुलांना मी दटावून सांगते, अशा डागावर विश्वास ठेवू नका. आणि आता मीच त्या डागाकडे आशाळभूतपणे बघत होते. आई तिथे असावी असं मला इतकं वाटत होतं की मी तो चौकोन मिटून पुन्हा उघडला. आकडा तोच होता.

घरी येऊन बाबांना दोन्ही सांगितलं. वाट आहे, हे सांगितलं. आणि शेवटचा आकडा गणिताची गळतीही असू शकते, हेही सांगितलं.

"म्हणजे तुझी खात्री नाही."

"नाही."

"पोचली नाही, असं तरी म्हणवतं का तुला?"

"तेही नाही म्हणवत."

"ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि ताटावरून अर्धवट जेवून उठले. त्यांना होय किंवा नाही हवं होतं. माझ्याकडे दोन्ही नव्हती. मला माझ्या शिक्षणाची त्या रात्री जितकी चीड आली तितकी कधी आली नसेल.

या थंडीत पश्चिम किनाऱ्यावरचे पाण्याचे नमुने गोळा करायचं काम निघालं. मी नेहमी विद्यार्थ्यांना पाठवते. या वेळी स्वतः गेले. मामीकडे उतरले. मामा नाहीत आता, मामी एकटीच असते. आईच्या गावचा किनारा मी लहानपणी पाहिला होता तेव्हा प्रचंड वाटला होता. आता लहानसाच वाटला, पण पाणी तेच. या रसायनांना प्लास्टिकची बाटली चालत नाही, ती प्लास्टिकलाच चिकटून बसतात. म्हणून काचेच्या गडद बाटल्या धुऊन, झाकणाखाली वर्खासारखा कागद लावून नेलेल्या. त्या भरून झाल्यावर मामीकडची कोकम सरबताची एक काचेची बाटली उकळून घेतली आणि तीही भरली. मामीने विचारलं, "ही कुणासाठी गो?" मी म्हटलं, "काशीला न्यायची आहे." मामी म्हणाली, "अगो बाई, लोक काशीहून गंगा आणतात आणि तू इथनं खारं पाणी काय नेतेस?" मी सांगितलं. मामीने मग बाटलीला कापड गुंडाळून दिलं.

पुढे नमुने तपासले तेव्हा त्यांत आमची चिवट मंडळी निघाली. ती सगळीकडे निघतात. बंदी आलेलं जुनं कीटकनाशकसुद्धा निघालं, जे त्या गावात आता कोणी वापरत नाही.

कोकणातून घरी आले तेव्हा बाबा पूजा आटोपून देवासमोरच बसले होते. मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. कुठलं पाणी, हे त्यांनी विचारलं नाही. कापड सोडवलं, बाटली उजेडाकडे धरून पाहिली.

"यात तुझं ते विष आहे?"

"आहे, अगदी थोडं. थेंबभराने काही होत नाही."

"ते कुठून आलं, सांगता येतं?"

"नाही. कुठकुठलं मिसळलेलं असतं. नद्यांतून येतं, वाऱ्याने येतं. कोणी कुठे टाकलेलं असतं आणि ते कुठे निघतं."

"म्हणजे ज्याची कुणाला गरज नाही, ते पोचतं," बाबा म्हणाले.

मीही रोज याच गोष्टीशी झुंजते, फक्त इतक्या सरळ कधी म्हटलं नव्हतं.

बाबांनी उजवा हात पुढे केला, तळव्याचा खळगा करून, तीर्थ घेतात तसा. जन्मभर त्यांनी लोकांना तीर्थ दिलं, मलाही दिलं. त्यांना तीर्थ देण्याची माझी ही पहिलीच वेळ. मी देवाजवळची पळी घेतली आणि पाणी त्यांच्या हातावर घातलं. ते त्यांनी तोंडात घेतलं आणि त्यांचं तोंड एकदम वाकडं झालं. डोळे घट्ट मिटले. खोकला आला. मी घाबरून पाठीवर हात ठेवला.

"नाकाच्या मुळापर्यंत गेलं गं," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते. "मला वाटायचं, वाढवून सांगते."

तीर्थ तीनदा घेतात. त्यांनी पुन्हा हात पुढे केला, मी पुन्हा घातलं. दोन्ही वेळा त्यांनी ते गिळलं. तिसऱ्या वेळेचं पाणी मात्र ते प्यायले नाहीत. तळहातावर तसंच धरून बसले, बराच वेळ, आणि मग तो ओला हात डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवला. मला तो आवाज नावेतल्या दिवसांनंतर प्रथमच ऐकू आला.

"पोचली," बाबा म्हणाले.